नॉटपेडची खिडकी

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझ्या मागच्या पत्रातल्या चुका लाल पेन्सिलीने दाखवून तू ते परत पाठवलंस, ते पोचलं. सगळ्या चुका वहीत पुन्हा लिहून काढल्या. ‘निःसंशय’मधला विसर्ग आता माझ्या हातून सुटणार नाही. आठवीत मला शाळेने सोडलं, तू मात्र अजून सोडलेलं नाहीस.

डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? बाबा रोज विचारतात. तुझ्या शिलाई मशीनची किल्ली अजून त्यांच्याच कपाटात आहे, मोज्यांच्या खाली. डॉक्टरांनी आता शिवायला हरकत नाही म्हटलं, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. पण त्यांचं म्हणणं असं की, तुला बोट दिलं की तू हात धरतेस. मशीन उघडलं की पुन्हा धंदा मांडशील आणि डोळे घालवून बसशील. तू धंदा न करण्याचं वचन दिलं आहेस, याची आठवण करून द्यायला त्यांनी सांगितलं आहे. दिली.

आता माझं. गेल्या आठवड्यात लाँड्रीत इस्त्रीवाला तापाने पडला, म्हणून एका बँक मॅनेजरचा ओव्हरकोट मी इस्त्रीला घेतला. रफूच्या टेबलावरून उठायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं. इस्त्रीचं टोक लागलं आणि शिंगाचं एक बटण तडकलं. मालक म्हणाले की हुबेहूब तसंच बटण लाव, नाहीतर सगळा संच तुझ्या पगारातून. मी बाजार पालथा घातला. शेवटी फोनवर ‘सुटी बटणं’ नावाचं एक ऑनलाइन दुकान सापडलं. जुन्या कपड्यांची बटणं तिथे एकेक सुटी मिळतात. फोटोतलं बटण अगदी तेच होतं. एक हरवलं तर, एक फुटलं तर, असा विचार करून मी चार मागवली.

पण बटणांऐवजी पोस्टाची चिठ्ठी आली. तिकीट कमी लावलं आहे, पाकीट नॉटपेड झालं आहे, पोस्टात येऊन कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट भरा आणि घेऊन जा. मी आयुष्यात कुणाला कमी तिकीट लावलेलं नाही, तरी ती चिठ्ठी हातात घेऊन जाताना मला चोरासारखं वाटत होतं. नॉटपेडची खिडकी चार नंबरची, अगदी कोपऱ्यात. खिडकीवरच्या बाईंसमोर एक लाकडी पट्टी आहे आणि तिला एक लांब खाच. पाकीट खाचेतून सरळ गेलं तर पत्र, अडलं तर पार्सल. माझं अडलं. मला शंका राहू नये म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा घालून दाखवलं. मी पैसे भरले. त्यांच्या निळ्या स्वेटरचं वरून तिसरं बटण गेलं आहे आणि तिथे सेफ्टी पिन लावली आहे. हे मी केवळ धंद्याच्या नजरेने पाहिलं.

कोटाचं निभावलं. पण विचारायचं आहे ते असं, की तिकिटाची चूक दुकानाची आणि दंड मी भरला, तर तो परत मागावा का? मागितला तर दुकानदाराला राग येईल का? नाही मागितला तर आपण दुबळे ठरतो का?

लोभ असावा, आणि या बाबतीत सल्लाही असावा.

तुझा
टाचण्या

ता. क. हे पत्र मालकांच्या काट्यावर तोलून मगच तिकीट लावलं आहे.

---

५ फेब्रुवारी

चि. टाचण्यास
अनेक आशीर्वाद.

बाबांना सांग, थेंब घालते, वचनही पाळते. आणि त्यांना हेही सांग की मोज्यांखाली किल्ली ठेवली तर मोज्यांना गंज लागतो.

परतावा माग. माग म्हणजे काय, ठणकावून माग! तुझं हे असंच. लहानपणी माझ्या शेजारी बसून टाचण्या दातांत धरून बोलायचास, म्हणून तुला हे नाव पडलं. पुढे टाचण्या गेल्या तरी बोलणं काही तोंडाबाहेर आलं नाही. पण कागदावर तू वाघ आहेस. दुकानाला कडक पत्र लिही. मला असल्या ऑनलाइन दुकानांतलं काय कळणार म्हणा, मी आपली डोळ्यांवर काळा चष्मा लावून खिडकीत बसलेली. पण मला वाटतं, बिचाऱ्याने वजन बरोबर केलं असेल आणि जाडीकडे त्याचं लक्ष गेलं नसेल. एकाच कार्डावर टाचली म्हणून काय झालं, शिंगाची बटणं ती, पाकीट फुगणारच.

बाकी नॉटपेडला एवढं घाबरायचं कारण नाही. आपल्या घराण्यात ती जुनी विद्या आहे. तुझे काका फिरतीवर असायचे, तेव्हा मी त्यांना मुद्दाम बिनतिकिटाची पत्रं टाकायचे. तिकीट लावलेलं पत्र पोस्टमन फटीतून सरकवून जातो. मग ते वाऱ्याने नेलं काय आणि कुत्र्याने खाल्लं काय, कुणाला सोयरसुतक नाही. नॉटपेडचे पैसे वसूल करायचे असतात, म्हणून ते माणसाच्या हातातच पडतं. सरकारचं येणं असलं की हरवलेला माणूससुद्धा सापडतो. काका दर खेपेला दंड भरायचे, दर खेपेला चिडायचे, आणि एकही पत्र चुकलं नाही.

ती सेफ्टी पिन कोणत्या बाजूने लावली आहे रे? धंद्याच्या नजरेनेच विचारते.

लोभ आहेच. धीरही असू दे.

तुझी
आत्या

---

८ फेब्रुवारी

व्यवस्थापक, सुटी बटणं, यांस
स. न. वि. वि.

आपण पाठवलेली चार बटणे मिळाली. बटणे निर्दोष आहेत, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचून आपण रागावणार नाही.

पाकिटावर तिकीट कमी होते. पाकीट पोस्टाच्या खाचेतून गेले नाही. ते दोनदा घालून पाहण्यात आले, दोन्ही वेळा मी समक्ष हजर होतो. कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट मला भरावी लागली. पावती सोबत जोडली आहे. पावतीचे अक्षर सुरेख आहे, पण त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.

मी पाकीट नाकारू शकलो असतो. मग ते आपल्याकडे परत आले असते आणि दंड आपल्याला पडला असता. तसे केले नाही, याची नोंद घ्यावी. सबब भरलेली रक्कम परत मिळावी. आपली अडचण असल्यास अर्धी चालेल. मी ठणकावून लिहीत आहे, तरी गैरसमज नसावा.

आपला ग्राहक
(रफू विभाग, लाँड्री)

---

११ फेब्रुवारी

महाशय,

आपले ठणकावून लिहिलेले पत्र पावले. ते वाचून आमच्या संस्थेत खळबळ माजली.

चौकशीअंती असे आढळले की आमच्या जावक विभागाने पाकीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले आणि जाडी नुसत्या बोटांनी मापली. संबंधित कर्मचाऱ्यास कडक समज देण्यात आली असून तिने ती आरशासमोर उभे राहून निमूटपणे ऐकून घेतली. अर्धी रक्कम घेण्याची आपली तयारी आम्हाला मान्य नाही. ग्राहकाने एवढे मऊ असू नये. पूर्ण परतावा तिकिटांच्या रूपाने सोबत पाठवत आहोत.

आपली पावती परत करत आहोत. अक्षर खरोखरच सुरेख आहे.

व्यवस्थापक
(तक्रार विभाग), सुटी बटणं

---

१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला खरं वाटणार नाही. त्या दुकानाने परतावा पाठवला आणि परताव्याचं पाकीटसुद्धा नॉटपेड आलं! आत इतकी तिकिटं आणि बाहेर लावायला एक कमी. दंडाची भरपाई घेण्यासाठी मी पुन्हा दंड भरला. मालक म्हणाले, हे म्हणजे छत्री आणायला भिजत जाण्यासारखं झालं.

पुन्हा चार नंबरची खिडकी. मॅडमनी मला ओळखलं. पाकीट खाचेतून गेलं, पण तिकीट कमीच होतं. त्यांनी मला ते दाखवलं आणि त्या हसल्या. हसताना त्या पेन्सिल कानामागे अडकवतात, म्हणजे हिशेबात चूक होऊ नये. मग त्यांनी आपणहून सांगितलं की या महिनाअखेरीस चार नंबरची खिडकी बंद होणार आहे. हल्ली नॉटपेड फारसं येतच नाही. त्यांना आत, पत्रं निवडायच्या खोलीत बसवणार आहेत. तिथे बाहेरच्या माणसाला जाता येत नाही. मी या खिडकीचा सगळ्यात मोठा ग्राहक आहे, असंही त्या म्हणाल्या.

मला काहीतरी बोलायचं होतं. काय ते तुला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही. मी बोललो ते असं, की पावती नीट लिहिली आहे. मग धन्यवाद म्हणालो, मग पुन्हा धन्यवाद म्हणालो, आणि त्यांचं पेन खिशात घालून बाहेर आलो. ते परत करायला गेलो तेव्हा खिडकीवर जेवणाच्या सुटीची पाटी होती. पेन आता माझ्याकडे आहे. मी ते वापरत नाही.

सेफ्टी पिन डाव्या बाजूने, आडवी लावली आहे. बाकीची बटणं राखाडी, चार भोकांची, कडेला बारीक कंगोरा असलेली आणि मधे किंचित खोलगट आहेत. मी फार वेळ पाहत नव्हतो.

दुकानाला पुन्हा तक्रार करावी का? केली तर त्याचाही परतावा येईल.

लोभ असावा, आणि या महिन्याला अजून थोडे दिवस असते तर बरं झालं असतं.

तुझा
टाचण्या

---

१८ फेब्रुवारी

चि. टाचण्यास
अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं मी जपून ठेवते, त्याचा आज फायदा झाला. पहिल्या पत्रात ‘खिडकीवरच्या बाई’ होत्या आणि बटणावर अर्धं पान होतं. या पत्रात ‘मॅडम’ आहेत आणि दुकानाला दोन ओळी. पुढच्या पत्रात काय होणार हे मला काळ्या चष्म्यातूनही दिसतंय.

अरे, पावती नीट लिहिली आहे म्हणून कुणी सांगतं का? तरी एक बरं झालं, पेन आणलंस. ज्याला परत करायला काही आहे, त्याला जायला निमित्त आहे. पण गडबडीत लगेच देऊन मोकळा होऊ नकोस. निमित्त हे तूप आहे, एकदम ओतायचं नसतं.

दुकानाला तक्रार जरूर कर. फक्त पैशांचं रडगाणं गाऊ नकोस. त्या राखाडी बटणाचं माप लिही, रुंदी आणि जाडी दोन्ही. जुन्या बटणांच्या दुकानात असं बटण असणारच. म्हणजे असावं, असा माझा आपला अंदाज.

आणि तोंड उघड. बटण कुठे हरवलं, एवढं विचारलंस तरी पुरे. ज्याच्या स्वेटरला पिन आहे तो माणूस बटणाबद्दल बोलायला कधी कंटाळत नाही. खिडकी बंद व्हायला फार दिवस राहिले नाहीत. नॉटपेड येत नाही म्हणून बंद होतेय ना? पाहू या. माझ्या दुपारच्या चहाच्या मैत्रिणींना मी हे सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला.

लोभ आहे. सुटे पैसे जवळ ठेव.

तुझी
आत्या

---

२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या मैत्रिणींनी हे काय केलं?

काल पोस्टमन लाँड्रीत आला तो हात हलवत. म्हणाला, चिठ्ठ्या वाटून पाय दुखले, तुमचा गठ्ठा तुम्हीच येऊन न्या. खिडकीवर माझ्या नावाची नॉटपेड पाकिटं रचून ठेवलेली होती. ती एकेक खाचेतून गेली, एकेकाची पावती झाली, आणि मागे रांग लागली. चार नंबरच्या खिडकीला रांग लागलेली पोस्टातल्या कुणी पाहिलेली नव्हती. पोस्टमास्तर खुर्चीवरून उठून बघायला आले.

पाकिटं मी घरी येऊन फोडली. तुझी नर्स मैत्रीण लिहिते की बोलायच्या आधी खोल श्वास घे आणि भोवळ आली तर खाली बस. ग्रंथपाल बाई लिहितात की बोलणं जमत नसेल तर पुस्तक मधे ठेवावं, मात्र ते परत करण्याची तारीख ठरवून घ्यावी. टायपिस्ट बाईंनी मी काय बोलावं ते टाइप करूनच पाठवलं आहे, त्यात मी जिथे थांबायचं तिथे टिंबं दिली आहेत. केक करणाऱ्या बाईंनी फक्त ‘कॉलर स्वच्छ ठेव’ एवढंच लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. आत्या, मी लाँड्रीत काम करतो!

गठ्ठ्यात दुकानाचंही पाकीट होतं. ते सगळ्यात शेवटी आलं. त्यावर तिकिटं इतकी होती की पत्ता कसाबसा मावला होता. खाचेतून ते सळकन गेलं. मला वाटलं, हे तरी सुटलं. पण तिने ते काट्यावर ठेवलं, थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि कमी आहे म्हणाली. नियम त्यांचे. मी भरले. पावती लिहायला तिला या वेळी वेळ लागला. तेवढ्यात मी बोलायचं ठरवलं, श्वासही खोल घेतला, पण मागचा माणूस खोकला आणि मी बाजूला झालो. पेनसुद्धा खिशातच राहिलं.

नजरेने घेतलेलं माप मी दुकानाला फोनवरूनच कळवलं होतं; त्यांच्या पाकिटात एक राखाडी बटण निघालं. कार्डावर टाचलेलं, बिल नाही, नुसतं ‘नमुना, ग्राहकसेवा’ असं लिहिलेलं. मी ते भिंगातून पाहिलं. चार भोकं, कंगोरा, खोलगटपणा, सगळं बरोबर आहे.

खिडकी आता चार-पाच दिवसच आहे. माझ्या मनात एक गोष्ट आली आहे, ती नियमाला धरून आहे पण सभ्यतेला धरून आहे का, हे मला ठरवता येत नाही. म्हणून तुला विचारत नाही. विचारलं तर तू होच म्हणशील.

लोभ असावा, मैत्रिणींना आवर असावा.

तुझा
टाचण्या

---

२५ फेब्रुवारी

चि. टाचण्यास
अनेक आशीर्वाद.

कमी कसं असेल? शक्यच नाही! ते पाकीट मी स्वतः... म्हणजे ते दुकान स्वतः एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं, पण तिसऱ्यांदा त्याने धसका घेऊन तोलूनमापून तिकिटं लावली असणार, असं कुणीही सांगेल. पत्ता मावत नव्हता इतकी तिकिटं आणि तरी कमी? हा उघड अन्याय आहे. पहिली गोष्ट म्हणजे, आता परतावा दुकानाकडे मागू नकोस, पोस्टाकडे माग. दुसरी गोष्ट म्हणजे, ती तुझी ‘ती’ (पाहिलंस, मी म्हटलं होतं) कितीही चांगली असली तरी हिशेबात कच्ची दिसते. जा, खिडकीवर हात आपट आणि भांड. भांडण हेसुद्धा बोलणंच असतं.

चुकलं तिथे मी चूक कबूल करते. पण बरोबर तिकीट लावून बोल लावून घ्यायचा, हे मला खपायचं नाही. म्हणजे त्या दुकानाला खपायचं नाही.

मनात काय आलंय ते कर. सभ्यतेचं मी नंतर बघते.

घाईत आहे. लोभ आहे, रागही आहे.

तुझी
आत्या

---

२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशिरा पोचलं. तोवर मी करायचं ते करून बसलो होतो. भांडलो नाही.

खिडकीच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी ते राखाडी बटण एका पाकिटात घातलं. वर लिहिलं, ‘चार नंबरच्या खिडकीवरील बाईंस’. तिकीट लावलं नाही. आत्या, मी टपालपेटीपाशी किती वेळ उभा होतो ते सांगत नाही. दोन माणसांना मी पुढे जाऊ दिलं. माझ्या हातून आजवर एक पैचं तिकीट कमी लागलेलं नाही, आणि हे तर कोरं होतं. पण काकांचा दाखला डोळ्यांपुढे ठेवला आणि सोडलं.

नियमाप्रमाणे पाकीट सकाळी तिच्याच खिडकीवर गेलं. नियमाप्रमाणे तिने स्वतःकडून दुप्पट दंड घेतला, स्वतःला पावती लिहून दिली आणि दोन्ही बाजूंना सही केली. आत मी अशी चिठ्ठी ठेवली होती: हे बटण तुमचं नाही, पण भिंगातून पाहिलं तरी फरक सापडणार नाही. लावून देण्याचं काही पडणार नाही. तुम्ही भरलेल्या रकमेचा परतावा लाँड्रीच्या रफूच्या टेबलावर मिळेल. परताव्यासाठी समक्ष यावं लागतं, असा आमचा नियम आहे. सोबत एक पेनही देणे आहे.

शनिवारी दुपारी ती आली. हातात पावती होती. सरकारी पावती पाहून मालकांना वाटलं तपासणी आली, त्यांनी घाईघाईने पंखा लावला आणि वाकून खुर्ची दिली. तिने सगळ्यांदेखत परतावा मागितला. मी मोजून दिला. मग तिने स्वेटर टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसली. मी बटण लावायला घेतलं आणि काहीतरी बोललो. तिने विचारलं, काय म्हणालात? मी पुन्हा बोललो. तिने सांगितलं की आधी तोंडातल्या टाचण्या काढा. आत्या, माझ्या तोंडात खरोखरच टाचण्या होत्या. त्या उशीत खोचल्या आणि मग मात्र बोललो. काय बोललो ते टायपिस्ट बाईंच्या कागदात नव्हतं. बटण लावायला मला कधी नव्हे इतका वेळ लागला. उद्या संध्याकाळी आम्ही नदीकाठच्या रस्त्याने जाणार आहोत. त्या वेळी मी तोंडात काहीही ठेवणार नाही.

आता दुसरं. तू रागावू नकोस.

‘सुटी बटणं’ कुणाचं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कार्डावर बटण टाचताना धागा मागून तीन वेळा फिरवायचा आणि गाठ बटणाखाली लपवायची, हे जगात दोनच माणसं करतात. त्यातलं एक मी, आणि मला ते तू शिकवलंस. शिवाय तू लिहिलंस की बटणं एकाच कार्डावर टाचलेली होती. मी तुला कार्डाचं सांगितलंच नव्हतं. तू बाबांना दिलेलं वचन मोडलं होतंस, म्हणून मी गप्प राहिलो. पहिलं पाकीट चुकून नॉटपेड झालं. दुसरं तू मुद्दाम केलंस. आणि मी पुन्हा तक्रार करावी का असं विचारलं, तेही मुद्दामच. तुला वाटलं तू मला खिडकीवर पाठवते आहेस. मी तुझ्याकडून स्वतःला पाठवून घेत होतो.

या पाकिटात एक किल्ली आहे. मोज्यांच्या खालून आज सकाळी काढली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी पाठवतो, मग सांगतो. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच करत आहे. मात्र दिवसाउजेडीच शिवायचं आणि थेंब चुकवायचे नाहीत. किल्लीमुळे पाकीट जाड झालं, खाचेतून जाणार नाही. पार्सलचं पूर्ण तिकीट लावलं आहे.

लोभ असावा. तक्रार विभागाचाही असावा.

तुझा
टाचण्या

---

८ मार्च

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण आपलं अक्षर मी ओळखते. व्यवस्थापकांचं, जावक विभागाचं आणि तक्रार विभागाचं, तिघांचंही.

हे पत्र तुम्हाला दंड भरून घ्यावं लागलं असेल. तिकीट मी मुद्दाम लावलेलं नाही. इतकी वर्षं नॉटपेडच्या खिडकीवर बसून मला जे कळलं नाही, ते तुमच्या भाच्याने सांगितलं, की हे असं पत्र हरवत नाही. मला हे हरवायला नको होतं.

माझी खिडकी बंद झाली. शेवटच्या आठवड्यात तिला रांग लागली याबद्दल तुमच्या मैत्रिणींचे आभार. पोस्टमास्तर अजून त्या दिवसाचं बोलतात. आता मी आतल्या खोलीत पत्रं निवडते. तिथे बाहेरच्यांना येता येत नाही, पण संध्याकाळी साडेपाचला आतल्यांना बाहेर जाता येतं.

तुमच्या तिसऱ्या पाकिटावरून तुम्ही फार चिडला आहात आणि मला हिशेबात कच्ची म्हणता, असं समजलं. म्हणून हा खुलासा. त्या पाकिटावरची तिकिटं पूर्ण होती. पूर्ण कसली, जास्तच होती. वजनात ते बसत होतं, खाचेतून सळकन गेलं होतं. तरी मी कमी आहे म्हणून सांगितलं. ते शेवटचं पाकीट होतं. ते सोडलं असतं तर तो माणूस सगळ्यांचे धन्यवाद मानून निघून गेला असता. पैसे मोजून पावती होईपर्यंत तरी तो समोर उभा राहतो. मी पावती शक्य तितकी सावकाश लिहिली. त्याने श्वास घेतला, मला वाटलं आता बोलेल, तर मागून कुणीतरी खोकलं.

माझ्या नोकरीतली ती एकच खोटी पावती. ते पैसे सरकारजमा झाले, म्हणून माझ्या पदरचे परत करायला गेले, तर तुमचा भाचा घेत नाही. म्हणतो, पावती नीट लिहिली होती. पण आळ तुमच्या तिकिटांवर आला होता, तेव्हा परतावा तुमचाच. सोबत पाठवत आहे. तुम्ही या पत्रासाठी भरलेल्या दंडात आणि त्यात फारसा फरक पडणार नाही. तुम्हाला काय वाटलं, नॉटपेडची विद्या फक्त तुमच्याच घराण्यात आहे?

किल्लीचं त्याने बाबांना सांगितलं. संध्याकाळी त्यांनी आपल्या कोटाचं एक सैल बटण काढलं आणि हे तिच्याकडे पाठव म्हणाले, तेवढं ती लावू शकेल. तो कोट येईलच.

माझ्या स्वेटरचं तिसरं बटण पक्कं बसलं आहे, ओढूनही हलत नाही. चौथं मात्र सैल झालं आहे. म्हणजे मीच केलं आहे. तसं एखादं आपल्या डब्यात असल्यास बघून ठेवावं. पाठवायची घाई नाही.

लोभ असावा. तिकीट नसलं तरी चालेल.

आपली,
पूर्वी खिडकी क्रमांक चार